बेदरच्या दरबारातील दोन हिशेब : महमूद गावान, दामाजीपंत आणि गरिबांचा पैसा

माझ्याकडे महाविद्यालयात दोन भाषा आहेत. सकाळच्या तासांना मराठी, दुपारी उर्दू. मराठीच्या वर्गात संतचरित्रांच्या ओघात मंगळवेढ्याचे दामाजीपंत येतात, तर उर्दूच्या वर्गात दक्खनच्या तारीखमधून ख्वाजा महमूद गावान येतात. बरीच वर्षे ही दोन माणसे माझ्या दोन वेगळ्या वह्यांत राहिली. दोन्ही विषय घेतलेल्या एका विद्यार्थिनीने एकदा सहज विचारले, "सर, दामाजींचा बादशहा आणि गावानचा बादशहा एकच होता का?" तख्त एकच, बेदरचे, बादशहाबद्दल नंतर सांगतो, असे म्हणून मी वेळ मारून नेली. त्या उसन्या उत्तराची फेड म्हणून हा लेख लिहीत आहे.

धर्मश्रद्धेमुळे माणूस गरिबाला मदत करतो, हे विधान आपण वाअजात ऐकतो, कीर्तनात ऐकतो आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तर हमखास वाचतो. विधान खोटे नाही. परंतु बेदरच्या या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या की त्यांतून एक जास्त अवघड प्रश्न पुढे येतो. श्रद्धेने माणूस देतो हे खरे, पण देतो तो पैसा कोणाचा असतो? स्वतःचा, सरकारचा, की आधीपासूनच गरिबाचा? दोन्ही कथा या प्रश्नापाशी येऊन थांबतात, आणि दोन्हींत शेवटी हिशेबच पुढे येतो. एकीत खजिनदार जबानी देतो, दुसरीत पावती निघते. दानाच्या कथांमध्ये हिशेबाला इतके महत्त्व का, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

साधनांविषयी प्रथमच एक नोंद करतो. गावान यांचा अंत १४८१ चा. त्यांच्या खासगी राहणीचे तपशील मुख्यतः फरिश्त्याच्या इतिहासातून मिळतात, आणि तो ग्रंथ सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने लिहिला गेला. मध्ये सव्वाशे वर्षे गेली. फरिश्ता जुन्या चरित्रलेखनाचा हवाला देतो, तेवढा आधार जमेस धरावा. दामाजींची कथा आज आपण ज्या रूपात ऐकतो ती महिपतींच्या भक्तिविजयातली; तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांचा. तेव्हा गावान अथवा दामाजी 'खरोखर' कसे होते याची ग्वाही मी देत नाही. दक्खनच्या दोन समाजांनी आपल्या आठवणीत त्यांना कसे ठेवले, हे मात्र या साधनांवरून खात्रीने सांगता येते.

गावान इराणच्या गिलान प्रांतातले. चाळिशी ओलांडल्यावर, १४५३ च्या सुमारास, ते व्यापारी म्हणून कोकणातील दाभोळ बंदरात उतरले आणि तेथून बेदरला आले. दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाच्या दरबारात त्यांचा प्रवेश झाला. पुढे हुमायून, निजामशहा आणि तिसरा मुहम्मदशहा अशा तीन सुलतानांच्या काळात ते वाढत गेले. मलिक-उत-तुज्जार म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार, हा त्यांचा किताब. १४७२ मध्ये बेदरला त्यांनी बांधलेला मदरसा आज अर्धा ढासळलेल्या स्थितीत उभा आहे. आपल्या संस्थांच्या सहली तेथे जातात, मुले रंगीत फरशांसमोर छायाचित्रे काढतात. त्याच सुमारास गोवा त्यांनी जिंकून घेतला आणि लगोलग बेळगावचा किल्लाही बहमनी फौजेने सुरुंग लावून घेतला. बेळगाव व त्याचा मुलूख गावान यांच्या जहागिरीत आला. येथे राहून हा लेख लिहिताना ही गोष्ट मला गाळता येत नाही. आपण ज्यांच्या दानशूरपणाचे गोडवे गातो त्यांच्या उत्पन्नात आपल्या या गावाचा वसूलही होता.

आता फरिश्त्याची हकीकत. गावान यांनी जमिनीची मोजणी करवली, गावांच्या हद्दी ठरवल्या, चार मोठ्या तरफांचे आठ भाग केले आणि सरदारांचे अधिकार कापले. त्यामुळे दुखावलेल्या दरबाऱ्यांनी त्यांच्या शिक्क्याचा एक खोटा कागद तयार केला. ओरिसाच्या राजाला लिहिलेले ते फितुरीचे पत्र आहे असे भासवून सुलतानापुढे ठेवले. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत, सत्तरीतल्या गावान यांची मान मारण्यात आली. सुलतानाला वाटले होते की इतक्या मोठ्या वजिराची दौलत अफाट असणार. त्याने गावान यांच्या खजिनदाराला बोलावले. खजिनदाराने आधी जिवाची हमी मागितली आणि मग सांगितले की ख्वाजांकडे दोन खजिने होते. एक बादशहाचा म्हणवला जाई. त्यातून फौज, घोडे, हत्ती यांचा खर्च चाले. दुसरा गरिबांचा म्हणवला जाई. जहागिरीचा वसूल पहिल्यात येई आणि शिपायांचे व तबेल्याचे देणे भागल्यावर जे उरे ते बादशहाच्या नावाने खैरातीत जाई. स्वतःसाठी ख्वाजा त्यातली कवडीही घेत नसत. इराणहून येताना त्यांनी ४०,००० लारी आणल्या होत्या. तेवढेच त्यांचे भांडवल. त्यावर ते व्यापार करीत राहिले आणि नफ्यातून स्वयंपाकघर व कपडे यांसाठी रोज २ लारी घेत. बाकीचा नफा गरिबांच्या खजिन्यात. निजायला चटई, जेवायला मातीची भांडी.

लारी म्हणजे चांदीच्या तारेचा दुमडलेला तुकडा. इराणमधल्या लार शहरावरून हे नाव पडले आणि आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांत हे नाणे चांगलेच रुळले होते. खजिनदाराच्या जबानीत हिशेब लारीत आहे याला माझ्या मते अर्थ आहे. लारी हे बंदराचे, व्यापाराचे नाणे. दक्खनचा महसूल प्रामुख्याने हुनात मोजला जाई. गावान यांचा 'स्वतःचा' पैसा आणि 'सरकारचा' पैसा नाण्यानेसुद्धा वेगळा ओळखता यावा असा हा प्रकार आहे.

या चित्रात अतिशयोक्ती नसेल असे नाही. १४७० च्या सुमारास बेदरला आलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने याच मलिक-उत-तुज्जारच्या प्रचंड फौजेविषयी आणि लवाजम्याविषयी लिहिले आहे. खेड्यांतली माणसे फार हलाखीत आहेत आणि अमीर-उमराव अत्यंत ऐषआरामात, हे निरीक्षणही त्याचेच. बाहेरून पाहणाऱ्याला गावान हे त्या श्रीमंतांपैकीच एक दिसले. दोन्ही साक्षी खऱ्या असू शकतात. तबेला मोठा असतो तो पदाचा. चटई असते ती माणसाची. पण ज्या व्यवस्थेत खेडी नागवली गेली होती तिच्या शिखरावर ते बसले होते, हे मदरशाच्या अंगणात उभे राहूनही विसरू नये.

गावान यांनी दोन खजिने ठेवले ते केवळ वैयक्तिक सचोटीपायी, असे आपले अनेक लेखक लिहितात. मला ते अपुरे वाटते. त्यामागे फिकहची एक जुनी शिस्त आहे. इमाम अबू यूसुफ यांनी आठव्या शतकात खलिफा हारून अल-रशीदसाठी किताबुल खराज लिहिला. त्यात त्यांनी खलिफाला बजावले आहे की सदकात, म्हणजे जकातीचा पैसा, आणि खराज, म्हणजे जमिनीचा महसूल, हे एकमेकांत मिसळू नयेत. खराज सर्वांच्या हिताचा. जकातीचे धनी मात्र कुरआनने नावानिशी ठरवलेले आहेत; सूरह तौबामध्ये ते आठ वर्ग आलेले आहेत, फकीर आणि मिस्कीन यांच्यापासून मुसाफिरापर्यंत. श्रीमंताच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क आहे, ही कल्पनाही कुरआनचीच. म्हणून जकात देणारा उपकार करीत नाही. दुसऱ्याचे जे त्याच्यापाशी राहिले होते ते पोहोचवतो. हनफी फुकहांनी यापुढे जाऊन तमलीकची अट घातली. जकात गरिबाच्या मालकीत प्रत्यक्ष गेली पाहिजे, त्याच्या 'भल्यासाठी' दुसरीकडे खर्च करून चालत नाही. पूल, मशीद, मदरशाची इमारत, शिक्षकाचा पगार, ही कामे कितीही पुण्याची असली तरी जकातीची नव्हेत.

बहमनी काळात ही कल्पना केवळ ग्रंथांत राहिली नव्हती. गावान यांच्या पाऊणशे-शंभर वर्षे आधी दुसरा मुहम्मदशहा (१३७८ ते १३९७) गादीवर होता. फरिश्ता त्याला महमूद म्हणतो, नाण्यांवर मुहम्मद आहे. राजा हा दौलतीचा अमानतदार आहे, गरजेपेक्षा जास्त स्वतःवर खर्च करणे ही अमानतीत खयानत होय, अशा आशयाचे त्याचे बोलणे फरिश्त्याने नोंदवले आहे. दुष्काळ पडला तेव्हा त्याने सरकारी खर्चाने १०,००० बैल माळवा आणि गुजरातेत पाठवून धान्य आणवले आणि ते स्वस्त दराने विकवले. गुलबर्गा, बेदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ अशा ठिकाणी अनाथ मुलांसाठी मदरसे काढले. अंधांना तनखे बांधून दिले.

आपल्या जलशांत या सुलतानाचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण एक गोष्ट आपण गाळतो. हे स्वस्त धान्य फक्त मुसलमानांना मिळाले, असे काही इतिहासकारांनी लिहिले आहे, आणि त्यावरून सुलतानाच्या औदार्याला धार्मिक पक्षपाताची जोड होती असा निष्कर्षही काढला आहे. याला आपल्याकडचे ठराविक उत्तर 'हे पूर्वग्रहदूषित लेखन आहे' असे असते. ते मला पुरेसे वाटत नाही. समजा, तसे झाले असेल. तर फिकहच्या कसोटीवर ते कितपत टिकते? बहुसंख्य फुकहांनी जकात मुसलमान गरिबांपुरती ठेवली आहे, हे खरे. नफ्ली सदका मात्र त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला. आणि बैलांवर लादून आणलेले ते धान्य जकातीचे नव्हतेच. त्याची किंमत सरकारी खजिन्यातून, म्हणजे रयतेच्या महसुलातून भरली होती, आणि महसूल भरणारी रयत बहुतांशी हिंदू होती. तिच्याच पैशाने आणलेले धान्य तिला नाकारले गेले असेल, तर तो खराजाच्याच नियमांचा भंग ठरतो. उलट अबू यूसुफ यांनीच हजरत उमर (रजि.) यांची हकीकत दिली आहे. दारोदार मागणारा एक वृद्ध, अंध यहुदी त्यांना भेटला. त्यांनी त्याला घरी नेऊन काही दिले, मग बैतुलमालच्या अधिकाऱ्याकडे पाठवले, त्याचा जिझिया माफ केला आणि मिस्कीन या शब्दात असे अहले-किताबही येतात असा अर्थ सांगितला. श्रद्धा एकच, ग्रंथही तेच. तरी एकाने त्या शब्दाची कक्षा रुंद केली आणि दुसऱ्याने, इतिहासकार म्हणतात ते खरे असेल तर, ती आखडती घेतली. तेव्हा श्रद्धेने मदत होते एवढे म्हणून काम संपत नाही.

आता मंगळवेढ्याकडे वळू. १४७२-७३ मध्ये बेळगाव घेतल्यावर बहमनी फौज परतताना विजापुरात थांबली. पावसाळा तेथे काढण्याचा सुलतानाचा विचार होता, पण पाऊसच पडला नाही. विहिरी आटल्या, छावणी हलवावी लागली. फरिश्ता सांगतो की दोन वर्षे दक्खनमध्ये पेरा झाला नाही आणि तिसऱ्या वर्षी पाऊस आला तेव्हा जमीन कसायला माणसे उरली नव्हती. मंगळवेढे याच अवर्षणाच्या पट्ट्यातले. दामाजींचा दुष्काळ हाच, असे मला म्हणायचे नाही. तो दुष्काळ कोणता यावर एकमत नाही. लोकपरंपरा त्याला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणते, आणि ग्रँट डफने तो १३९६ पासून बारा वर्षांचा सांगितला आहे. परंतु तेव्हा बहमनींची राजधानी गुलबर्ग्याला होती. बेदरला ती आली पहिल्या अहमदशहाच्या कारकिर्दीत, पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. 'बेदरचा बादशहा' कथेत पक्का असेल तर दुर्गादेवीचा काळ जुळत नाही. म्हणून अनेकांनी दामाजींचा प्रसंग १४५८ ते १४६० चा धरला आहे. हुमायूनशहाचा काळ.

कथा आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी शाळेत ऐकली असेल. दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे मंगळवेढ्याचे अधिकारी. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण त्यांच्या घरी जेवायला बसतो आणि पानावरचे अन्न पाहून रडतो, कारण घरी त्याची बायकामुले उपाशी आहेत. दामाजी त्याच्या घरी धान्य पाठवतात, ते वाटेतच भुकेल्यांच्या हाती लुटले जाते, आणि मग माणसांची रांग मंगळवेढ्याच्या वाटेला लागते. दामाजी सरकारी कोठार उघडतात. चुगली बेदरला पोहोचते आणि शिपाई त्यांना पकडून नेतात. इकडे विठोबा महाराच्या वेषात, काठी-घोंगडी घेऊन, बादशहापुढे हजर होतो. धान्याची किंमत थैलीतून मोजून देतो, थैली रिकामी होते आणि पुन्हा भरते. तो पावती मागून घेतो. ती पावती दामाजींना नंतर त्यांच्या गीतेच्या पोथीत सापडते. दामाजी सुटतात, चाकरी सोडतात आणि पंढरपुरास राहतात.

या कथेचे कौतुक बहुधा चमत्कारासाठी होते. माझे लक्ष पावतीकडे जाते. भक्तिपरंपरेला आपला नायक निर्दोष ठरवायचा होता, तर सोपा मार्ग होता: धान्य रयतेनेच पिकवलेले, तिच्यावर वेळ आली, ते तिचेच. कथा असे म्हणत नाही. कथेच्या दृष्टीने धान्य बादशहाचे आहे, दामाजींनी ते परवानगीशिवाय वाटले आहे, आणि त्याची किंमत सरकारजमा होणे भाग आहे. दामाजी हे जाणून कोठार उघडतात. शिक्षा होईल हे त्यांना ठाऊक आहे. देवसुद्धा त्यांना नियमातून सूट देत नाही. तो देणे भरतो आणि पावती घेतो. ज्या देवाला थैली पुन्हा पुन्हा भरता येते त्याला पावतीची काय गरज? गरज दामाजींना आहे. दुसऱ्याच्या मालातून केलेले दान अपुरे राहते, ही जाणीव महिपतींच्या श्रोत्यांनाही होती, असे यावरून मी समजतो. फिकहच्या भाषेत सांगायचे तर पावती हाती आली त्या क्षणी ते धान्य दामाजींच्या बाजूने सदका झाले. तोवर ते गसब, म्हणजे परक्याचा माल बळकावणे होते. आमचे एक मौलवी स्नेही हे ऐकून हसले आणि म्हणाले, तुम्ही विठोबाला फतवा विचारता आहात. असेलही.

येथे एक फरक सोडून चालणार नाही. गावान यांचे दान कोणाला धोक्यात घालत नाही. पैसा त्यांचा, वेळ त्यांची, पद शाबूत. दामाजींच्या कथेत एक नोकरदार माणूस डोळ्यांसमोरच्या भुकेपायी नियम मोडतो आणि मान पुढे करतो. श्रद्धेची कसोटी म्हणून पाहिले तर दामाजींची परीक्षा जास्त कठीण आहे असे मला वाटते. फुकहांनीही जीव जाण्याच्या वेळी परक्याचे अन्न घेण्याची मुभा दिली आहे, पण पुढे भरपाई देण्याची अट घालून. मंगळवेढ्याची कथा त्या चौकटीत आश्चर्य वाटावे इतकी नेमकी बसते. इज्तिरार, म्हणजे नाइलाजाची अवस्था, आणि मागाहून जमान, म्हणजे भरपाई. दोन परंपरांनी एकमेकींपासून हे घेतले असा माझा दावा नाही. एका मुलखात, एकाच महसुली कारभाराखाली राहणाऱ्या माणसांना 'आपले' आणि 'सरकारचे' यांतली रेषा सारखीच स्पष्ट दिसत असणार.

देव महाराचेच रूप का घेतो, याचे उत्तरही कारभारात आहे. गावचा वसूल सरकारी ठाण्यापर्यंत पोहोचवणे हे महारांच्या पारंपरिक कामांपैकी एक होते. त्यामुळे मंगळवेढ्याहून एक महार पैशाची थैली घेऊन बेदरला आला, तर दरबारात कोणाला नवल वाटायचे कारण नव्हते. महार समाजाच्या परंपरेत तर त्यांचे बावन हक्क बेदरच्या बादशहानेच दिले अशी समजूत आहे. याच मंगळवेढ्यात १३३८ मध्ये गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळून संत चोखामेळा गेले. दामाजींच्या कोठारापुढच्या रांगेत महारवाड्यातली माणसे कुठे उभी होती, त्यांना धान्य कोणत्या हाताने आणि किती अंतरावरून मिळाले, हे कथा सांगत नाही. भरपाई करायला मात्र तिला महारच आठवतो. त्याला मी कथेचा दोष म्हणत नाही. तिने कळत-नकळत ठेवलेली ती एक साक्ष आहे.

भाषेच्या शिक्षकाला दोन शब्दांपाशी थांबल्याशिवाय राहवत नाही. उर्दूतला रसीद हा फारसी रसीदन या क्रियापदापासून आला, म्हणजे पोहोचणे. मराठीतली पावती पावणे या क्रियापदापासून, त्याचाही मूळ अर्थ पोहोचणे, मिळणे. आणि मराठीत देवही पावतो. दामाजींच्या कथेत दोन्ही अर्थ एकाच कागदावर आले आहेत. दुसरा शब्द गरीब. अरबीत गरीब म्हणजे परका, परदेशी, घरापासून दूर असलेला. बहमनी दरबारात इराण-तुराणहून आलेल्या आफाकींना गरीब म्हणत, आणि त्या अर्थाने गावान हे दरबारातले सर्वांत बडे 'गरीब' होते. मराठीने हाच शब्द घेतला आणि त्याला निर्धन एवढाच अर्थ ठेवला. जकातीच्या आठ वर्गांत मुसाफिर का आहे हे मुलांना समजावून सांगताना मी या शब्दाची मदत घेतो.

हे सारे आपल्या महाविद्यालयीन वाचकांपुढे ठेवण्याचे कारण केवळ ऐतिहासिक नाही. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या समितीवर मी होतो. नाव लिहीत नाही. रमजानमध्ये जमलेली जकात गरजू विद्यार्थ्यांच्या फीसाठी ठेवलेली होती. त्या पावसाळ्यात आवाराची भिंत पडली. बँकेत खाते एकच होते. 'तूर्त वापरू, वर्गणी आली की भरू' असे ठरले आणि कागदावर इतरांबरोबर माझीही सही झाली. कोणी एक रुपयाही खाल्ला नव्हता. भिंतही विद्यार्थ्यांसाठीच होती, असे आम्ही एकमेकांना सांगितले. परीक्षेचे अर्ज भरायची तारीख आली तेव्हा खात्यात पुरेसे पैसे नव्हते, आणि एका मुलाने त्या वर्षी अर्ज भरला नाही. रक्कम दोन महिन्यांनी पूर्ण परत जमा झाली. तोपर्यंत तो मुलगा गॅरेजमध्ये कामाला लागला होता.

आमच्यापैकी कोणाचीही नियत वाईट नव्हती, म्हणूनच ही गोष्ट सांगतो. मदतीची इच्छा होती, श्रद्धा होती, रोजे होते. दुसरा खजिना नव्हता. आता अनेक संस्था जकातीचे खाते वेगळे ठेवतात. काही ठिकाणी तमलीकचा हीला करतात: रक्कम एखाद्या गरजूच्या हातात द्यायची आणि त्याने ती लगेच संस्थेला 'देणगी' म्हणून परत द्यायची. त्याला परवानगी देणारे उलमा आहेत आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही. पण गावान यांच्या खजिनदाराची जबानी वर्गात वाचून दाखवल्यानंतर असा हीला मुलांना समजावून सांगणे मला फार जड गेले आहे. एका मुलाने विचारले होते की त्या गरजूने पैसे परत द्यायला नकार दिला तर काय होते. कायदेशीर उत्तर सोपे आहे. पैसे त्याचे झाले. वर्ग मात्र बराच वेळ हसत होता.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. दामाजींचा प्रसंग १४५८ ते १४६० चा धरला तर तख्तावर हुमायूनशहा होता. फारसी इतिहासांनी त्याला जालिम म्हणून बदनाम करून ठेवले आहे, आणि मराठी कथेतला बादशहा मात्र विठू महारापुढे नरमतो, ही मौज आहेच. त्याच हुमायूनने गादीवर येताच गावान यांना मलिक-उत-तुज्जार हा किताब दिला आणि विजापूरचा सुभा त्यांच्याकडे सोपवला. मंगळवेढे विजापूरपासून लांब नाही. म्हणजे हा काळ बरोबर असेल, तर दामाजींच्या कोठाराचा हिशेब ज्या कचेरीत तपासला जायचा ती, निदान काही काळ, दोन खजिने वेगळे ठेवणाऱ्या त्या ख्वाजांच्या अखत्यारीत असणे अशक्य नाही. याला कागद नाही. फरिश्त्याच्या ग्रंथात दामाजी नाहीत आणि दामाजींच्या कथेत गावान नाहीत. मी तिला एवढेच सांगितले आणि फळ्यावर दोन्हींच्या सनावळ्या शेजारी शेजारी लिहून दिल्या.